साडेतीन हजारांचं ताट आणि साडेतीनशेची थाळी

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बिलाचा फोटो येऊन पडला. दोन माणसं, माणशी साडेतीन हजार, वर पाच टक्के जीएसटी, एकूण ७,३५० रुपये. पत्ता आमच्याच खाडीतल्या जुव्याचा. (घाटावरच्या वाचकांसाठी: खाडीच्या मधोमध गाळ साचून, माड लागून जे बेट होतं त्याला आम्ही जुवा म्हणतो.) गेल्या दिवाळीत तिथे एका तरुण जोडप्याने रेस्टॉरंट काढलं, तिथलं हे बिल. मग काय, तासाभरात शिमगा. मुंबईचे चाकरमानी म्हणाले, एवढ्यात आमच्या घरचे गणपतीचे पाच दिवस जेवतात. कोणी लिहिलं, कोकणचा गोवा करायला निघालेत. उलट बाजूने उत्तर आलं, तुम्हाला विकास बघवत नाही, तुमची पोरं मुंबईत आणि आमच्या पोरांनी काय जन्मभर नारळ मोजायचे? तीन दिवस हे चाललं आणि तीन दिवसांत एकाही माणसाने त्या जुव्याच्या विहिरीबद्दल चकार शब्द काढला नाही.

मला वाटतं, भांडणच चुकीच्या जागी लागलंय. जुव्यावर जेवण महाग मिळतं याचा राग येण्यासारखं काही नाही. राग यायचाच असेल तर किनाऱ्यावर सुरमईची थाळी साडेतीनशेत मिळते याचा यावा. आणि भीती वाटायचीच असेल तर ती टेबलाची नको, पलंगाची वाटावी. पहिलं वाक्य बऱ्याच जणांना टोचेल, दुसरं कोड्यासारखं वाटेल. दोन्हीकडे येते.

आधी हे सांगते, की मी तिथे जेवून आलेय. माझ्या पैशाने नाही. भाचीचा पहिला पगार झाला म्हणून तिने नेलं. होडी भरतीच्या वेळेवरच सुटते, कारण सुकतीला जुव्याच्या धक्क्याशी नुसता चिखल असतो. पाच टेबलं, वीस खुर्च्या, डोक्यावर माडाच्या झापांचं छप्पर. सगळंच चांगलं होतं असं नाही. सोलकढी वाटीएवढ्या ग्लासात आली आणि तिच्यातून धूर निघत होता. का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. हळदीच्या पानात भाजलेले पेडवे मात्र असे, की माझ्या सासूबाईंनी मान डोलवली असती, आणि त्या माणसांसमोर सहसा मान डोलवत नसत. मग कालवं आली. प्रत्येकी सहा, त्यांच्याच शिंपेत, वर आगळाचा, म्हणजे कोकमाच्या रसाचा, थेंब आणि वाटलेली ओली मिरची. शेजारच्या टेबलावरचे पाहुणे कुजबुजले, एवढीशीच? मी हसले, कारण कालवं काढायला मी गेलेली आहे. सुकती लागली की खडकावर जायचं, कमरेत वाकायचं, हातातल्या कोयतीने एकेक शिंप फोडून आतला जीव न फाटता सोडवायचा. दगडाच्या कडा सुरीसारख्या. हात कापतो आणि त्यावर खारं पाणी. सासूबाई तीन तास वाकायच्या तेव्हा घरी डबाभर कालवं यायची, आणि आम्ही ती भातावर दहा मिनिटांत संपवायचो. त्या तीन तासांची किंमत आमच्या घरात कधी कोणी केली नाही. तिथल्या मेन्यूकार्डावर कालवांच्या ओळीखाली ती काढणाऱ्या बाईचं नाव छापलेलं होतं. त्याच कार्डावर मागच्या बाजूला ‘आजीच्या हातची चव’ असंही छापलं होतं. तिथे मात्र आजीचं नाव नव्हतं.

आता विरोधकांचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. बेट आणि उंची खाणं यांचा आपल्या किनाऱ्यावरचा इतिहास काही गोड नाही. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकांचा पुंजका आहे, तिथल्या गुहेत पाकोळ्या घरटी करतात. ही घरटी काड्यांची नसतात, पक्ष्याच्या लाळेची असतात, आणि त्यांचं सूप चीनमध्ये आणि आग्नेय आशियात श्रीमंतांच्या ताटात जातं. आपल्या खडकांवरून ती घरटी खरवडून चोरट्या मार्गाने बाहेर जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००१ नंतर तिथे पहारा बसवला, तेव्हा कुठे पक्ष्यांना थारा मिळाला. जगातल्या सगळ्यात महागड्या जेवणांपैकी एक आपल्या किनाऱ्यावरून जात होतं, आणि वेंगुर्ल्याच्या घरात त्यातून काय आलं? महाग म्हणजे आपोआप चांगलं, असं म्हणणाऱ्याने हे खडक आठवावेत.

पर्यटन आलं की सुधारणा मागोमाग येते, या दाव्याचीही तीच गत. घारापुरीची लेणी १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्याच्याही कितीतरी आधीपासून गेटवेवरून लाँची भरभरून माणसं तिथे जाताहेत. त्या बेटावरच्या तीन गावांत वीज कधी पोचली? फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर आणि मग काळोख. समोर मुंबईचे दिवे, आणि बेटावर कंदील. तेव्हा जुव्यावर पाहुणे आले म्हणून जुव्याचं भलं होईल, हे गृहीत धरता येत नाही. पाहुण्यांच्या मागून काहीच आपोआप येत नाही. आणायला लागतं.

पण या दोन्ही उदाहरणांतून निष्कर्ष काय निघतो? पैसा जास्त होता म्हणून वाईट झालं, असा? माझ्या मते उलटा. पैसा खूप होता आणि तो बेटावर थांबला नाही. मग विचारायचं ते हे, की थांबतो कुठे आणि कोणाच्या हातात.

म्हणून माझ्या मोठ्या जावेच्या वहीकडे येते. वयनी तारकर्लीच्या वाटेवर खानावळ चालवते. पाटीवर ‘घरगुती मालवणी जेवण’. मे महिन्यात दिवसाला साठ थाळ्या जातात. तिची वही मी बघितलीय, कारण तिचे हिशेब मीच तपासते. मासे, बर्फ, नारळ, तांदूळ, गॅस, कोकम, टेबलं पुसणारा पोरगा, ट्रॅव्हलरवाल्या ड्रायव्हरचं कमिशन आणि त्याचं फुकटचं जेवण, असे रकाने आहेत. पहाटे साडेचारला उठून मसाल्याचं वाटप काढणाऱ्या वयनीचा रकाना नाही. दहावीच्या सुट्टीत दोन महिने भाकऱ्या थापणाऱ्या पुतणीचा नाही. मी एकदा म्हटलं, वयनी, तुझा पगार लिही. ती म्हणाली, ‘‘मासो म्हाग झालो म्हणान सगळे बोंबलतत. माझो हात कधी म्हाग झालो गो?’’ साडेतीनशेत थाळी बसते ती अशी. ती स्वस्त नाही. तिच्या किमतीतला मोठा वाटा कोणीतरी आधीच फुकट भरलाय, एवढंच. आणि ‘घरगुती’ या शब्दाने आपण त्यावर लिंपण घालतो. घरगुती म्हणजे प्रेमाने केलेलं, आणि प्रेमाने केलेल्याचे पैसे मागायचे नसतात.

ही गोष्ट नवी नाही. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी हजारो गिरणी कामगारांना जेवू घातलं. कामगारांचे संप इतिहासात गेले, पगारवाढीचे लढे गेले. त्यांना डाळभात वाढणाऱ्या बायकांना मात्र १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून बँकेच्या दारात नेईपर्यंत कोणी व्यावसायिक समजत नव्हतं. बँकेने कर्ज दिलं तेव्हा पहिल्यांदा कागदावर आलं, की हा धंदा आहे. आपण पन्नास वर्षांनी, आणि तेही सिंधुदुर्गासारख्या १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या जिल्ह्यात, अजून ‘घरगुती’वरच आहोत.

‘कोकणी माणूस पाहुण्याकडून असे पैसे घेत नाही’, असं एका काकांनी ग्रुपवर लिहिलं होतं. पाहुणचार आणि व्यवहार वेगळे, हे आपल्याकडे फार आधी सांगून झालंय. १६७४ साली चिपळूणजवळ छावणी पडलेल्या आपल्याच लष्कराला शिवाजी महाराजांनी पत्र धाडलं. पावसाळा तोंडावर, दाणावैरण तुटीची. महाराजांचं म्हणणं सरळ होतं: रयतेच्या घरात शिरून धान्य, भाजी, लाकूड उचलायचं नाही, पैसे दिलेत, बाजारात जाऊन विकत घ्या. नाहीतर लोक म्हणतील, मोगल बरे होते. आज मे महिन्यात किनाऱ्यावर जी फौज उतरते तिच्याकडे पैसे आहेत, आणि ते गाडीत, खोलीत, बोटीत, दारूत बिनतक्रार जातात. घासाघीस सुरू होते ती ताटावर. ‘ताई, कढी परत वाढा ना, अनलिमिटेड आहे ना?’

हापूसच्या बाबतीत आपण असे वागत नाही. डझनाला हजाराच्या वर भाव निघाला की आपली छाती फुगते. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटायचे बाकी होते. हापूस महाग असणं हा आपल्याला कोकणचा मान वाटतो, आणि कालवं महाग असणं ही लूट! फरक एवढाच दिसतो, की आंबा बागायतदार विकतो आणि कालवं बाई काढते.

मासे महाग होऊन गावच्या माणसाच्या ताटातून जातील, हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, आणि तो मी झटकणार नाही. सुरमई आणि सरंगा आमच्या रोजच्या जेवणातून केव्हाच गेलेत. पण ते वीस खुर्च्यांनी नेले का? बर्फाच्या ट्रकांनी नेले, निर्यातीने नेले, आणि हो, थाळ्यांनी नेले. थाळीला चारच मासे माहीत आहेत: सुरमई, पापलेट, कोळंबी, बांगडा. पर्यटकाने फोटोत बघितलेलं तेवढंच असतं. रोज शेकडो खानावळी हेच चार मागतात, आणि जाळ्यात आलेली मुडदुशी, पेडवे, सौंदाळे यांना भाव नसतो. मागणी चारांवर तुटून पडली की मग लहान पिल्लंही चालतात. सरकारने २०२३ साली पापलेटला राज्य मासा केलं, त्याच साली ५४ प्रजातींसाठी पकडण्याचं किमान आकारमानही ठरवलं. तरी किनाऱ्यावरच्या ताटांत तळहाताएवढं पापलेट ‘फुल फ्राय’ म्हणून येतंच. साडेतीनशेत मोठं येणार कुठून?

बंदीच्या दिवसांत तर गंमतच. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक नौका बंद. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनच्या मध्यापासून तिकडची मासळी मोकळी होते आणि बर्फात बसून इकडे येते. जुलैत मुसळधार पावसात बाहेर ‘ताजी सुरमई’ची पाटी बघून आत शिरणाऱ्याला वाटतं, आत्ताच होडीतून उतरली. जुव्यावरचं रेस्टॉरंट मेअखेरीस बंद होतं ते ऑगस्ट संपेपर्यंत. खाडीला तेव्हा उधाण असतं. सक्तीने का होईना, माशाच्या पंचांगाप्रमाणे चालणारी खाण्याची जागा किनाऱ्यावर मला तरी दुसरी दिसली नाही. पेडवे घ्यायला ते रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या जाळ्यावर, जातात. रापणीत दोर ओढायला जो हात लागतो त्याला वाटा मिळतो, मग तो म्हातारा असो की शाळकरी पोर. ही आपली जुनी वाटणी. तिच्यातल्या माशाला चांगला दर देणारं गिऱ्हाईक आलं तर ते एलईडी दिवे लावून रात्री समुद्र उपसणाऱ्यांच्या विरोधात घातलेलं वजन आहे. एलईडी मासेमारीला बंदी आहे, हे आपल्याला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे.

‘पण आमच्या पोरांना आमच्याच खाडीत परवडत नाही त्याचं काय?’ याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. हे बोचतं. भाचीने पैसे भरले तेव्हा माझ्याही घशात अडकलं होतं. पण स्वस्त आणि घरगुती म्हणजे सगळ्यांना खुलं, ही आठवण जरा तपासून बघा. १९२७ साली याच कोकणात, महाडला, तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. १९३३ साली रत्नागिरीत सावरकरांनी सर्व जातींसाठी उपाहारगृह काढलं, ते खळबळ उडवणारं ठरलं. का? कारण तिथे पैसे टाकले की कोणीही कोणाच्याही शेजारी बसून चहा पिऊ शकत होता. घरच्या पंगतीला ते जमत नव्हतं. पैशाचं दार सगळ्यांना उघडं नसतं, कबूल. पण ते आडनाव विचारत नाही. आजही ‘घरगुती’ खानावळीत चूल कोणाची हे विचारून मग बसणारी माणसं मी बघितलीत. जुव्यावर कोणी विचारलं नाही.

आता पलंगाचं. जेवायला आलेला माणूस भरतीबरोबर येतो आणि सुकतीच्या आत जातो. राहायला आलेला माणूस आंघोळ करतो, चादरी बदलून मागतो, एसी लावतो, आणि दुसऱ्या वर्षी त्याला पोहायला तलाव हवा असतो. बेटावर हे सगळं शेवटी एका गोष्टीवर येऊन ठेपतं: गोडं पाणी. सिंधुदुर्गात पाऊस तीनेक हजार मिलिमीटर पडतो, पण जुवा तो साठवत नाही. वाळूत मुरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगत असतं. बाई कळशीने शेंदते तोवर साय टिकते; पंप लावून ओढलीत की खालून खारं वर येतं, आणि मग माड पिवळे पडतात. मालवणसमोर कुरटे बेटावर १६६४ साली किल्ल्याची पायाभरणी झाली. चहूबाजूंनी समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. नावंच सांगतात की तटाइतकंच मोल कशाला होतं. आमच्या जुव्यावर विहीर एक आहे, घरं सहा.

कायदा अडवेल, असं कोणी म्हणेल. किनाऱ्यावरच्या बांधकामाला आवर घालणाऱ्या २०१९च्या सीआरझेड अधिसूचनेत खाडीतल्या अशा बेटांसाठी भरतीरेषेपासून अवघा २० मीटरचा पट्टा धरलाय. वीस मीटर म्हणजे आमच्या अंगणातून गोठ्यापर्यंत. केरळात वेंबनाडच्या पाण्यात नेडियतुरुत्त नावाच्या बेटावर ५४ व्हिलांचं रिसॉर्ट उभं राहिलं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये ते पाडायला सांगितलं, आणि प्रत्यक्ष पाडायला सुरुवात झाली सप्टेंबर २०२२ मध्ये. न्याय झाला, हे खरं. पण मधल्या वर्षांत तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांची जागा गेली ती गेलीच. आधी बांधून मग पाडण्यापेक्षा आधीच नाही म्हणणं सोपं असतं, त्याला फक्त वेळेवर तोंड उघडावं लागतं.

हेच जमिनीचंही. जुव्यावरची जागा सध्या भाड्याने आहे, करार अकरा महिन्यांचा. तो असाच राहिला तर जागेचा मालक गावचा राहील. विकली गेली, तर उद्या याच मालकाचा मुलगा तिथे वेटर होईल आणि आपण त्याला रोजगार म्हणू. ज्या कोकणात खोतांच्या विरोधात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षं शेतं पडीक ठेवून संप केला, आणि १९४९च्या कायद्याने जिथली खोती गेली, तिथे जमिनीचं मोल कोणी समजावून सांगायला नको. तरी तीन दिवसांच्या भांडणात ‘करार’ हा शब्द मला सापडला नाही. ‘सोलकढी’ एकोणीस वेळा सापडला.

ग्रामसभा येत्या २६ तारखेला आहे. नोटीस ग्रुपवर टाकलीय. विषय क्रमांक चार: जुव्यावरील हॉटेलच्या जेवणाच्या दराबाबत चर्चा. विषय क्रमांक सात: जुव्यावर आठ खोल्या बांधण्यास ना-हरकत दाखला मिळणेबाबत अर्ज. अर्जदार रेस्टॉरंटवालं जोडपं नाही, दुसरंच कोणीतरी आहे, पत्ता पुण्याचा. नोटिशीखाली चौथ्या विषयावर दीडशेच्या वर मेसेज झालेत, आवाजी धरून. सातव्यावर मी विचारलं, पाणी कुठून घेणार? त्याखाली एक अंगठा आलाय. वयनीचा.